आडव्या बोराचं वंगण

दाजी,

त्या दिवशी तुमच्या तेराव्याची पंगत उठली. पाव्हणे देवगाव फाट्याकडं निघून गेले. मी ओट्यावर बसलो होतो, अक्का खरकटं आवरत होती, आणि माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "त्यांला सांग, मशीन धुऊन ठिवलंय म्हणावं."

अक्काच्या हातातली परात तशीच राहिली.

"त्यांला सांग, त्याला सांग," ती म्हणाली. "नवरा एका अंगाला, भाऊ एका अंगाला, मधी मी टपाल वाहायलेय. आता कुठं नेऊन टाकू टपाल? आता तुझं तूच सांग, किशा."

म्हणून सांगायला बसलोय. मला बोलता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? "आमच्या मेव्हण्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हंजी आडवं बोर मारायचं काम. वंगण लागतंय," असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात आणि माझ्या तळहातावर तंबाखूची चिमूट ठेवायचात. ते वंगण. आज चिमूट माझी मीच मळलीय. बघू कितपत सरकतं.

उभं बोर सगळ्यांना माहीत असतं. आडवं म्हटलं की पाव्हणेरावळे गोंधळायचे. विहिरीचं पाणी कमी पडलं की तळाशी उतरायचं आणि खडकाच्या पोटात मशीननं आडवं भोक पाडत जायचं, झरा लागेपर्यंत. मग त्या भोकात बारीक छिद्रं पाडलेला काळा प्लास्टिकचा पाइप पार शेवटपर्यंत सारायचा, म्हणजे आतला मुरूम ढासळला तरी पाण्याची वाट मोकळी राहते. भोक पाडायला अंगात बळ लागतं. पाइप सारायला दुसरंच काहीतरी लागतं. हे तुम्ही लग्नाच्या मांडवात समजावून सांगायचात, तेही पायजम्याच्या नाडीवरून.

"नाडी उभी धरली तर कशी लोंबती? सरळ. तिचं वजनच तिला खाली नेतंय. आता तीच नेफ्यात आडवी ढकला. ढकला की! झाला का न्हाई गोळा?"

एक धोतरवाले सोयरे म्हणाले, "आमी न्हाई नाडी वापरत."

"मग घरी जाऊन इचारा," तुम्ही म्हणालात. "परकराला असंल."

अक्का मांडवातून उठून गेली होती त्या दिवशी. पदर तोंडाला लावून, पण खांदे हलत होते.

उभ्या बोरात पाइपाचं वजन आपल्या बाजूचं असतं. आडव्यात तेच आपल्यावर उलटतं. पाइप भोकात पोट टेकून पडतो आणि जितका आत जाईल तितका जास्त घासतो. अडला म्हणून रेटा लावावा, तर तो आतल्या आत नागमोडी होतो आणि पाचर मारल्यासारखा भिंतींना धरून बसतो. "साप झाला," तुम्ही म्हणायचात. साप झालेल्या पाइपाला आणखी रेटा लावणारा माणूस मी होतो. तुम्ही मला बाजूला सारायचात, तळाच्या ओल्या खडकावर मांडी घालायचात, पाइपावर पंजा ठेवायचात आणि सासरी निघालेल्या पोरीशी बोलावं तसं बोलायचात. "चल माय. रडत का व्हईना, चल. तिकडं पाणी भरायचंय तुला."

मी तुम्हाला विचारायचो, "दाजी, नवरी झोपली का हो?"

"तुझ्यासारखा भाऊ पाठराखणीला आल्यावर ती बिचारी करंल तरी काय!"

पण हे सुरुवातीसुरुवातीचं. नंतर मी वर आणि तुम्ही खाली अशी वाटणी ठरली, आणि विहीर उपसायला डिझेल इंजिन चालू असायचं. त्याच्या धडधडीत माणसाचा शब्द तळाला पोचत नसे. म्हणून दोर आला. पाइपाचं वेटोळं माझ्याकडं. मी वरून सोडायचं, तुम्ही खालून आत सारायचं. दोराचं एक टोक तुमच्या मनगटाला, दुसरं माझ्या. एक झटका म्हणजे थांब. तीन झटके म्हणजे वर घे. आणि दोन झटके आले की ढील द्यायची, असं तुम्ही मला शिकवलंत. मी ते तसंच धरून चाललो.

वंगणाचा शोध ही तर आपली फजितीच. आधी तुम्ही कपड्याचा साबण किसून टाकलात. पाइप गेला, पण विहिरीला असा फेस आला की मालक म्हणाला, "पाणी काढून दिलं का धुणं लावून दिलं?" मग तुमची नजर घरातल्या करडईच्या तेलावर गेली. अक्कानं डबा पोटाशी धरला. "पाइपाला त्याल लावा, आन् लेकराच्या डोक्याला काय लावू? चिखल?"

नंतर एका हिवाळ्यात आपण गुऱ्हाळावर रस प्यायला गेलो. कढईतली मळी वर यावी म्हणून तिथला गुळव्या रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात घोळत होता. तुम्ही त्या पाण्यात हात घातलात. बुळबुळीत, तार धरणारं पाणी. दोन बोटं एकमेकांवर घासलीत. परत घासलीत. रसाचा पेला बाजूला राहिला, त्यावर माश्या बसल्या.

"किशा," तुम्ही म्हणालात, "हात घाल. बोटाला बोट लागंना."

तेच आपलं वंगण ठरलं. भेंडीच्या दिवसांत भेंडी, ती वाळली की उकडलेल्या जवसाचं पाणी. पाइपाच्या अंगाला चोपडायचं आणि भोकात होळीच्या पितळी पिचकारीनं मारायचं. तुमचा मावसभाऊ, झरीचा विठ्ठल, गुजरातेत तेलाच्या विहिरींवर कामाला होता. दिवाळीला आला की तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. एका वर्षी म्हणाला, आता तेलाच्या विहिरीसुद्धा खाली जाऊन आडव्या वळायला लागल्यात. नळी आडवी घालताना ती अशीच घासते, अशीच नागमोडी होऊन अडकते, मग साहेब लोक बोरातल्या चिखलात बुळबुळीत औषधं कालवतात.

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजी त्यांच्यात बी साप व्हतो!"

त्यानंतर कुणी धंदा विचारला की तुमचं उत्तर ठरलेलं. "आमी आन् तेलवाले एकाच लायनीत. त्यांला त्याल पायजे, आमाला पाणी, एवढाच फरक." विठ्ठलला तुम्ही भेंडीच्या पाण्याची बादली दाखवलीत. तो म्हणाला, "आमचे साहेब बघतील तर हसतील."

"हसू दे. हसून झालं की त्यांचं औषध पिऊन दाखवा म्हणावं." आणि तुम्ही त्या बुळबुळीत पाण्याचा एक घोट त्याच्यासमोर घेतलात. तोंड वाकडं झालं, पण गिळलंत.

आपलं भांडण नेमकं त्या घोटाचं होतं. मी म्हणायचो जळकं ऑइल वापरू. फाट्यावरच्या गॅरेजात डबेच्या डबे पडलेले. तुम्ही म्हणायचात, पाण्याच्या घरात तेल न्यायचं नाही. आज खरं सांगायला बसलोय, तर हेही सांगतो दाजी: नुसतं सरकण्यापुरतं बघितलं तर जळकं ऑइलच सरस आहे. भेंडीचं पाणी मुरमात जिरून जातं, ऑइल टिकतं. एवढ्यापुरता मी हरलेलो नाही. तुम्ही तापानं पडला होतात तेव्हा एका कापसाच्या रानात मी मालकाला विचारून ऑइल वापरलं होतं. पाइप असा गेला की मलाच खोटं वाटलं. पुढं कितीतरी दिवस त्या पाण्यावर मोरपिसासारखा तवंग तरंगत होता. बैल हौदाशी यायचे, हुंगायचे आणि मान फिरवायचे. तुम्ही मुद्दाम बघायला आलात. हौदाच्या कडेला बराच वेळ उभे राहिलात.

"बैलाला कळलं," इतकंच म्हणालात.

आता ते सांगतो.

नामांतराची वर्षं होती. आधी गावं पेटली होती. आग विझली, पण माणसामाणसांतलं बोलणं काही परत पेटलं नाही. गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती एकमेकांशी कामापुरतं बोलत, तेही नजर दुसरीकडं ठेवून. त्यात पावसानं दगा दिलेलं साल. दिवाळी होते न होते तोच विहिरींनी तळ दाखवला. वस्तीवरचा सुदाम, परभणीत रिक्षा चालवणारा, एका सकाळी तुमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. तुम्हाला सारं गाव अण्णा म्हणे, तोही म्हणायचा.

"अण्णा, आमच्या हिरीला बी एक आडवं मारून द्या. बाया तळाला उतरून वाटीनं घागरी भरायलेत."

"वर ये की," तुम्ही म्हणालात. "आडव्या बोराचं उभ्यानं बोलत न्हाईत."

तो वर आला, बसला, अक्कानं केलेला चहा प्याला. तुम्ही कबूल झालात.

तो गेला आणि मी मनात हिशेब मांडत बसलो. आपलं मशीन वस्तीच्या विहिरीत उतरलं, तर उद्या गाव आपल्याला त्यांच्या विहिरीत उतरू देईल का? हे मी सरळ म्हणालो असतो तर बरं झालं असतं. ते भय होतं. भयाला तुम्ही चिमूट दिली असतीत, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि मिटलं असतं. मी ते भय गिळलं आणि तोंडातून निघालं भलतंच. तुम्ही विळा घेऊन भेंडी कापायला निघाला होतात. मी म्हणालो, "त्यांच्या हिरीला कशाला पायजे भेंडी? तिथं जळकं ऑइल बी चालतंय."

तुम्ही थांबलात.

"काय म्हणलास?"

मी पाइपाचं वेटोळं आवरायला लागलो.

"म्हण की परत. लोकं ते पाणी पिणार हायेत किशा, घागरीनं. परत म्हणून दाखव."

मला परत म्हणता आलं नाही. वाक्य तेच, जीभ तीच, पण पुढं सरेना. आणि 'चुकलं' हा एवढासा शब्द होता, तोही सरेना. तुम्ही एकटेच भेंडीला गेलात. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाहीत.

वस्तीच्या विहिरीवर मी आलो होतो. नसतो आलो तर निदान एका बाजूचा झालो असतो. मी काठावर उभा राहिलो, पाइपाचं वेटोळं धरून, कुणाकडं न बघता. पाइप मध्येच अडला. बराच वेळ दोर मेल्यासारखा पडून होता. सगळी वस्ती काठावर, नुसतं इंजिन धडधडत होतं. मग मनगटाला दोन झटके आले. मी ढील दिली. पाइप असा निघाला की वेटोळं उलगडताना माझे हात भाजले.

सुदामची आई, गयाबाई, हिनं झऱ्याचा पहिला तांब्या भरून तुम्हाला दिला. तुम्ही निम्मा प्यालात आणि तांब्या माझ्यापुढं धरलात. शब्द नाही. नुसता तांब्या.

मी म्हणालो, "तहान न्हाई."

दिवसभर उन्हात उभा होतो, दाजी. जीभ टाळूला चिकटली होती.

गयाबाईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. जिला हे उत्तर आधीच माहीत होतं, तिनं बघावं तसं. तुम्ही उरलेलं पाणी सांडलं नाहीत. स्वतः प्यालात.

गावानं पुढं काहीच केलं नाही, हेही लिहून ठेवतो. दोन-चार घरं कुजबुजली. त्यांच्या विहिरी आटल्या तेव्हा त्यांनीच आपल्याला बोलावलं. ज्याला मी भ्यालो होतो ते आलंच नाही. आला तो अबोला. आणि अबोल्यानं आपलं काहीच अडलं नाही, हीच मोठी अडचण झाली. विहिरीत दोर होता, वर अक्का होती. एकाच पंगतीला हातभर अंतरावर बसून आपण तिच्यातर्फे बोलायचो.

"त्याला इचार, डाळ वाढू का."

"त्यांला सांग, पोट भरलं."

"पोट भरलं म्हणे."

"ऐकलं मी."

"ऐकलं, तर मला कामून मधी घेता?" अक्का पळी आपटायची. "दोघं बी बैलं हाव. एका जुवाला बांधलेली, आन् तोंडं दोन दिशेला."

दर विहिरीवर मी ठरवायचो की इंजिन बंद झालं की बोलू. इंजिन बंद व्हायचं. तुम्ही वर यायचात, चिखलानं भरलेले, पितळी पिचकारी काखेत. मी तुम्हाला हात देऊन बाहेर काढायचो. तुमचा हात माझ्या हातात असायचा, तेवढा वेळ पुरे होता. मी दोर गुंडाळायला लागायचो.

यंदाच्या थंडीत, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच दिवसांत, तुम्ही आजारी पडलात. परभणीत उतरल्यावर स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत सुदामनंच रिक्षातून नेलं, खड्डे चुकवत, मागं वळून वळून बघत. तोवर तुमचं सगळ्यांशीच बोलणं बंद झालं होतं. मी खाटेशेजारी बसून राहायचो. एका दुपारी अक्का चहाला खाली गेली. तुमचे ओठ वाळले होते, सालपटं निघालेली. मधी टपाल न्यायला कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "दाजी, पाणी देऊ?"

इतक्या वर्षांनी तुमच्याशी सरळ बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. तुम्ही डोळे उघडलेत. मी चमच्यानं पाणी घातलं. मग तुमचा हात माझ्या मनगटावर आला, दोर बांधायच्या जागी, आणि दोनदा ओढल्यासारखं झालं. झटका म्हणवणार नाही, इतकं हलकं.

ढील दे. मी तोच अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, सोड मला, असं म्हणत असणार. किंवा, जा बाबा आता, झालं तुझं एवढं पाणी पाजून. किंवा नुसती बोटं हलली असतील. तेराव्यालाही हेच डोक्यात घुमत होतं. अक्काला विचारावं वाटलं, पण तिनं टपाल बंद केलं होतं.

तेराव्यानंतर सुदाम आला. ह्या वेळी न सांगता ओट्यावर बसला.

"दादा, आमचा पाइप गाळानं भरलाय. पाणी निम्म्यावर आलंय. अण्णा म्हणले होते, यंदा नवा घालू."

मी हो म्हणालो. भेंडी तर केव्हाच वाळून गेली होती. सकाळी उठून बघतो तर अक्कानं जवस चुलीवर चढवलेला, कुणी न सांगता. काथवटीएवढ्या पातेल्यात पळी फिरवत होती. तिनं दोन बोटं त्यात बुडवून एकमेकांवर घासली. "बोटाला बोट लागंना की उतरव, म्हणायचे," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. धूर होता म्हणा.

वस्तीच्या विहिरीत ह्या वेळी मी उतरणार होतो. तुमच्या जागी. वर पाइप सोडायला सुदाम उभा राहिला. दोर बांधताना मी त्याला खुणा सांगायला लागलो.

"ठाऊक हाय दादा. अण्णानं शिकिवलंय, कवाचंच. एक म्हंजी थांब. तीन म्हंजी वर घे."

"आन् दोन?"

"दोन म्हंजी सरकलं."

मी दोराची गाठ अर्धी सोडून त्याच्याकडं बघत राहिलो. "ढील दे, असं न्हाई सांगितलं?"

"ढील तर आपुन देतोच की," तो म्हणाला. "पर खालचा माणूस काय ढील मागायला झटका देतोय व्हय? त्याला वर सांगायचं असतंय. अडकलं होतं, सरकलं."

इतकी वर्षं दोराच्या वरच्या टोकाला उभं राहून मी फक्त मला काय करायचंय तेवढंच शिकलो होतो, दाजी. खालून तुम्ही काय म्हणताय हे मी विचारलंच नव्हतं. दवाखान्यातली ती दुपार माझ्या मनगटात परत आली. 'पाणी देऊ?' असं मी म्हणालो होतो, आणि तुम्ही वर कळवलं होतंत.

मी तळाला उतरलो. जुना पाइप काढला, भोक धुतलं, नव्या पाइपाला जवसाचं पाणी चोपडलं, पिचकारी मारली. निम्म्यात अडला. माझे दंड आपोआप रेट्याला निघाले आणि मी ते आवरले. मांडी घालून बसलो. खडक गार होता. पाइपावर पंजा ठेवला. इंजिन चालू होतं, कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी लाज वाटली. मग म्हणालो, "चल माय. रडत का व्हईना." थोडं मागं घेतलं, थोडं वळवलं, परत सारलं. माझा बोलायचा सराव नाही, तिलाही ते कळलं असावं, वेळ लागला. पण पंजाखाली आधी एक थरथर आली, मग घासणं थांबलं, आणि पाइप आपल्या पायानं चालल्यासारखा आत निघाला.

मी दोन झटके दिले.

वर बघितलं तर काठावर सुदामचे दात दिसत होते. ढील आली.

बाहेर आलो तेव्हा गयाबाई तांब्या घेऊन उभी होती. तिनं पुढं केला नाही, नुसता धरला होता. मी तिच्यासमोर जाऊन ओंजळ धरली. पाण्याला जवसाचा किंचित वास होता. कोपरांवरून ओघळत होतं, सदरा भिजला, तरी मी पीतच राहिलो.

"अजून घालू का?" तिनं विचारलं.

"घाला," मी म्हणालो. "तवाची बी तहान हाय."